ब्रश तर दोनदा करते, मग रक्त काहून येऊन राहिलं?

नमस्कार मंडळी. दरवर्षी हेच होतं बघा. एप्रिल-मे मध्ये बाहेर 45 डिग्री तापून राहिलेलं असतं आणि अर्धं नागपूर आपापल्या पोट्ट्यांना दाताला तारा लावायला घेऊन येतं, कारण शाळा नाही ट्यूशन नाही, चार दिवस दात ठणकले तरी आईस्क्रीम आणि मऊ खिचडीवर निभून जातं. आणि मग पोळा जवळ आला की पत्रं सुरू. हिरड्या सुजल्या, तोंडाचा वास येतो, तारा काढून टाकू का. यावेळी तर निम्म्याहून जास्त पत्रं याच विषयाची आहेत, म्हणून अख्खा कॉलम तारांना देऊन टाकते. अक्कलदाढवाले आणि कवळीवाले काका-काकू, पुढच्या महिन्यात नक्की.

ताई, माझी मुलगी आठवीत आहे. मे महिन्यात तारा लावल्या. सकाळी आणि रात्री दोन्ही वेळा ब्रश करते, मी स्वतः बाजूला उभी राहते. तरी पंधरा दिवसांपासून ब्रश केला की रक्त येऊन राहिलं, आणि खालच्या समोरच्या दातांच्या हिरड्या टम्म फुगल्या. सासूबाई म्हणतात तारेनं हिरडी कापली, जिथं रक्त येते तिथं ब्रश लावू नको. आता ती तिथं ब्रशच करत नाही. तार काढून टाकायची का?
— एक आई, त्रिमूर्तीनगर

ताई, तार राहू द्या. सासूबाईंचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण रक्त दिसलं की हात मागे घ्यायचा हे कोणालाही वाटेलच, पण दातांच्या बाबतीत नेमकं उलटं करायचं असतं.

आधी एक बघा. तार दाताच्या मध्यावर असते, हिरडीपासून लांब. ती हिरडीला कापत नाही. कधीकधी अगदी मागच्या दाढेजवळ तारेचं टोक बाहेर येतं आणि गालाला टोचतं, तो वेगळा प्रकार, त्यावर डॉक्टरांनी दिलेलं मेण लावायचं आणि फोन करून टोक कापून घ्यायचं. तुमच्या मुलीचं रक्त सुजलेल्या हिरडीतून येऊन राहिलं आणि हिरडी सुजली आहे ती दोन दातांच्या मधल्या घाणीमुळे.

आता तुम्ही म्हणाल की ब्रश तर दोनदा करते. करते ना, पण कुठं करते? एका दाढेला पाच बाजू असतात. बाहेरची, आतली, चावायची, आणि शेजारच्या दाढांना चिकटलेल्या दोन. ब्रश पहिल्या तीन ठिकाणी पोचतो. उरलेल्या दोन म्हणजे आपल्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या मधला बोळ समजा, समोरचा रस्ता रोज झाडला तरी बोळात काय साचलंय ते कोणी वाकून बघत नाही. तारा नव्हत्या तेव्हा निदान जीभ, गाल, लाळ, भाकरी चावताना होणारं घासणं यांनी थोडंफार निघून जायचं. आता त्या बोळाच्या तोंडावर मेट्रोच्या कामाचे बॅरिकेड लागले. दातावर चिकटवलेला ब्रॅकेट, त्यावरून जाणारी तार, वरून ते रंगीत रबर, सगळे कानेकोपरे वाढले. पोह्यावरची शेव, तर्रीतल्या हरभऱ्याचं साल, आणि सांभारवडीतला सांभार, म्हणजे कोथिंबीर, तर विचारूच नका. (माझ्या स्वतःच्या दातांना कॉलेजमध्ये तारा होत्या, एकदा अख्खं लग्न मी समोरच्या दोन दातांत हिरवा सांभार मिरवत फिरले आणि फोटो आजही मावशीच्या अल्बममध्ये आहे.)

पण खरा त्रास त्या दिसणाऱ्या सांभाराचा नाहीच. दातावर जो चिकट पांढुरका थर बसतो, प्लाक म्हणतो आम्ही त्याला, तो जिवंत जंतूंचा असतो आणि चूळ भरून जात नाही, घासावाच लागतो. नाही घासला तर काय होतं हे फार जुनं सिद्ध झालेलं आहे. 1965 साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगल्या हिरड्या असलेल्या 12 जणांना दात साफ करणं बंद करायला लावलं. 10 ते 21 दिवसांच्या आत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. मग परत साफसफाई सुरू केली आणि आठवडाभरात हिरड्या जागेवर आल्या. त्यांच्या दातांना तर तारासुद्धा नव्हत्या. तुमची मुलगी आता त्या जागेला हातच लावत नाही म्हणता, म्हणजे तोच प्रयोग त्रिमूर्तीनगरात चालू आहे असं समजा.

तर आज रात्रीपासून, रक्त येतं तिथंच, हळू पण नेमानं. मऊ ब्रश हिरडी आणि दाताच्या सांध्यावर तिरपा धरून, आधी तारेच्या वरून, मग तारेच्या खालून. आणि त्यानंतर इंटरडेंटल ब्रश, म्हणजे बाटली धुवायच्या ब्रशचं बारकं पिल्लू असतं ते, प्रत्येक दोन दातांच्या मध्ये. ते कसं वापरायचं ते खालच्या उत्तरात लिहिते. पहिले तीन-चार दिवस रक्त जास्तच येईल, थुंकी लाल दिसेल, घाबरून थांबू देऊ नका. आठ-दहा दिवसांत कमी व्हायला लागतं. दोन आठवडे नीट करूनही तसंच राहिलं तर तारवाल्या डॉक्टरांकडे जाऊन क्लीनिंग करून घ्या, किटण, म्हणजे दगडासारखा कडक झालेला थर, जमलं असेल तर ते घरी निघत नाही. फुगलेली हिरडी ब्रॅकेटवर चढायला लागली की तिथं ब्रश पोचत नाही, न पोचल्यानं आणखी फुगते, म्हणून वेळ काढू नका.

अजून एक, जे आयांना कोणी वेळेवर सांगत नाही. हिरडीची सूज उतरते, पण ब्रॅकेटच्या भोवती खडूसारखे पांढरे डाग पडतात ते सहजासहजी जात नाहीत. गोड खाल्लं की जंतू आम्ल करतात, तोंडातलं पीएच साडेपाचच्या खाली गेलं की दातातलं कॅल्शियम विरघळायला लागतं, लाळ ते हळूहळू भरून काढते पण तिला अर्धा-पाऊण तास लागतो. प्लाकचा थर बसून असेल तर असे डाग महिन्याभरातही दिसू शकतात, हो, एका महिन्यात. दोन वर्षांनी तारा निघतात, दात एकदम सरळ, आणि प्रत्येक दातावर जिथं ब्रॅकेट होता तो चौकोन चकचकीत आणि भोवती पांढरी चौकट. असे रडवेले चेहरे मी पाहिले आहेत.

तुम्ही बाजूला उभ्या राहता हे फार चांगलं, पण तुम्ही घड्याळ बघता ना? जागा बघा. केमिस्टकडे किंवा डेंटिस्टकडे प्लाक रंगवायच्या गोळ्या मिळतात, चावल्या की जिथं थर राहिला तिथं रंग चढतो. आठवड्यातून एकदा ब्रश झाल्यावर ती गोळी द्या आणि तिलाच आरसा दाखवा. तुमच्या शंभर वेळा बोलण्यापेक्षा तो रंग जास्त बोलतो.

आणि तान्हा पोळा येतोय. घरात लहान भाऊ असेल तर तो बैल घेऊन घरोघरी जाणार आणि बोजाऱ्यासोबत, म्हणजे मिळालेल्या पैशांसोबत, गोळ्या-चॉकलेटं गोळा करून आणणार, त्यात ताईचा वाटा आलाच. खाऊ द्या, सणाला तोंड कशाला बांधायचं. फक्त दिवसभर एकेक गोळी चघळण्यापेक्षा जेवणानंतर एका बैठकीत काय ते खाऊन घे म्हणावं, आणि ते चिकट टॉफी प्रकरण तेवढं भावालाच ठेवू द्या.

डॉक्टर मॅडम, मी इंजिनीअरिंगला आहे, हॉस्टेलला राहतो. तारा लावून सहा महिने झाले. ऑनलाइन बघितलं तर इंटरडेंटल ब्रश, सुपरफ्लॉस, थ्रेडर, वॉटर फ्लॉसर, एका गुच्छाचा ब्रश, डोकंच फिरलं. पैसे एकाच गोष्टीचे आहेत. साधा धागा घालून पाहिला तर तारेत अडकून तुटला आणि त्याचा तुकडा काढायला रूममेटची मदत घ्यावी लागली. एकच काय घेऊ?
— तारेवरची कसरत, हिंगणा रोड

रूममेटला माझ्याकडून एक समोसा खाऊ घाल.

एकच घ्यायचं तर इंटरडेंटल ब्रश घे, डोळे झाकून. मेडिकलमधून घे (औषधाच्या दुकानातून म्हणतेय रे, मेडिकल चौकात जायची गरज नाही). पण डोळे झाकून साइज घेऊ नको. हे ब्रश वेगवेगळ्या जाडीचे येतात आणि कंपन्या त्यांना रंग देतात, पण एका कंपनीचा गुलाबी तोच दुसरीचा गुलाबी असेल असं नाही, तेव्हा रंगावर जाऊ नको. पुढच्या वेळी तार कसायला जाशील तेव्हा तुझ्याच डॉक्टरांना म्हण की साइज बघून द्या, दोन मिनिटांचं काम आहे. फटीत शिरताना केस दातांना थोडे घासले पाहिजेत पण मधली तार दाताला खरडली नाही पाहिजे, आणि जोर तर लावायचाच नाही. बहुतेकांना दोन साइज लागतात, समोरच्यांना बारीक, मागे थोडी जाड.

कसा करायचा? आधी तारेच्या वरून खाली, ब्रॅकेटच्या बाजूला घाल, म्हणजे दोन ब्रॅकेटच्या मधला तारेखालचा बोगदा साफ होतो. मग खालून वर. मग हिरडीजवळच्या त्या तिकोनी फटीत सरळ आत घाल आणि पाच-सहा वेळा आत-बाहेर कर. गोल गोल फिरवू नको, वाकतो. मागच्या दाढांसाठी ब्रशची मान बोटानं थोडी वाकवून घे. पेस्ट लावायची गरज नाही, मधून मधून नळाखाली धू. केस पिंजारले की फेक, साधारण आठवडा-दोन आठवड्यांत पिंजारतात, आणि मधली तार वाकून वाकून कमजोर झाली असेल तर आधीच फेक, फटीत तुटली तर रूममेटला अजून एक समोसा द्यावा लागेल.

जिथं दात अगदी एकमेकांना चिकटून आहेत तिथं हा ब्रश जाणार नाही, जबरदस्ती करू नको. तिथं धागाच लागतो, आणि तू जो साधा धागा वरून दाबला तो तारेमुळे जाऊच शकत नाही, तुझी चूक नाही. सुपरफ्लॉसचं एक टोक कडक असतं, सुईत दोरा ओवतो तसं ते तारेच्या मागून ओवायचं, मग मधला फुगीर भाग फटीत आणायचा. दाताला मिठी मारल्यासारखा गुंडाळून हिरडीच्या थोडं आतपर्यंत खाली-वर. करवतीसारखा ओढू नको, हिरडी चिरते. प्लास्टिकचा थ्रेडर मिळतो, त्यात साधा धागा ओवला तरी तेच काम होतं आणि स्वस्त पडतं. धाग्याची कल्पना काही आजची नाही हां, अमेरिकेत न्यू ऑर्लीन्सला लीव्हाय पार्मली नावाचा डेंटिस्ट दोनशे वर्षांपूर्वी लोकांना रेशमाचा धागा फिरवायला सांगत होता. आपण अजून काडीपेटीच्या काडीवर आहोत.

वॉटर फ्लॉसर छान आहे, पाण्याच्या बारीक धारेनं अडकलेलं अन्न झटक्यात उडतं, तारावाल्यांना मजा येते. पण चिकटलेला थर तो घासल्यासारखा काढत नाही, म्हणून तो वरकड समज. तुझ्यासारख्यानं पैसे त्यात घालू नये. वर हॉस्टेलच्या बेसिनवर तो सुरू केलास तर बाजूच्याची आंघोळ होईल.

वेळेचं म्हणशील तर पहिले काही दिवस पंधरा मिनिटं जातात आणि शिव्या येतात तोंडात, मग हात बसला की सहा-सात मिनिटांत उरकतं. दिवसातून एकदा पुरे, पण ते रात्रीच, झोपेत लाळ कमी होते म्हणून रात्रीचं राहिलेलं जास्त नडतं. बेसिनला लाइन असेल तर पलंगावर बस, फोनचा सेल्फी कॅमेरा चालू कर, वाटीत पाणी घे आणि कर. नंतर फ्लोराइडवाल्या पेस्टनं ब्रश, आणि पेस्ट थुंकल्यावर खळखळून चुळा भरत बसू नको, थोडं फ्लोराइड राहू दे दातावर.

मी मिहानमध्ये नोकरीला आहे, वय 29. लग्न ठरायचंय म्हणून तारा लावल्या. खर्रा खातो, लपवत नाही. दिवसाला तीन-चार पन्न्या. डॉक्टर सारखे सोड म्हणतात पण माझ्या हिरड्यातून तर थेंबभर रक्त येत नाही, मित्राच्या येतं आणि तो खात पण नाही. मी खर्रा खाऊन झाला की पाण्यानं नीट तोंड धुतो. तरी दोन वेळा ब्रॅकेट निघाला. सिमेंट खराब असते का?
— नाव छापू नका, मनीषनगर

भाऊ, सिमेंटचं नाही, खर्ऱ्यातल्या (सुपारी, तंबाखू, चुना घोटलेल्या त्या मिश्रणातल्या) सुपारीचं काम आहे ते. दाढेखाली सुपारीचा तुकडा आला की ब्रॅकेट उखडणारच, कोणाचंही सिमेंट असो.

आणि रक्त येत नाही याचा आनंद मानू नका. तंबाखूतल्या निकोटीननं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून आत सूज असूनही रक्त दिसत नाही. तुमच्या मित्राची हिरडी ओरडून सांगून राहिली, तुमच्या हिरडीचं तोंड दाबलंय. आत हाड खाली जात असलं तरी वरून सगळं ठीकच दिसतं, आणि तारा लावून दात सरकवायचे तर ते त्या हाडातूनच सरकवायचे असतात. तोंड धुता हे चांगलं, पण दोन दातांच्या मध्ये आणि ब्रॅकेटच्या मागे जो चुना-तंबाखूचा लगदा बसतो तो पाण्यानं निघत नाही हे तुम्हालाही माहीत आहे.

आता एक टेस्ट करा. आरशासमोर तोंड पूर्ण उघडा आणि आपली तीन बोटं उभी, एकावर एक, पुढच्या दातांच्या मध्ये जातात का बघा. जात नसतील, किंवा तिखट खाल्लं की तोंडात आग होत असेल, तर तारा बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात तपासून घ्या. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, तोंड उघडणं कमी होतं, आणि त्यावर पुढे कॅन्सरही होऊ शकतो. सुपारी एकटीच, तंबाखूशिवायसुद्धा, कॅन्सर करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं 2004 मध्येच जाहीर केलेलं आहे. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या परिसरात सरकारी डेंटल कॉलेज आहे, तिथं दाखवता येईल. सोडायला मदत पाहिजे तर 1800-11-2356 हा सरकारी टोल फ्री नंबर आहे. तोंड नीट उघडलंच नाही तर मागच्या दाढांच्या मध्ये तो छोटा ब्रश घालणार कसा, तुमच्यासाठी सफाईचा प्रश्न इथून सुरू होतो.

तारांसाठी माझ्या चार दाढा काढल्या, त्या जागी मोठ्या फटी आहेत. सगळं जेवण तिथंच जाऊन बसते. घरी संत्र्याची बाग आहे त्यामुळे संत्रा तर रोजचाच, त्याचे धागे अडकतात. मी सेफ्टीपिननं काढते, उकळून घेतलेली असते. आणि समोरच्या दातांवर पांढरे पट्टे आहेत ते तारांमुळे का?
— बारावीची विद्यार्थिनी, काटोल

उकळलेली असली तरी सेफ्टीपिन सेफ्टीपिनच आहे गं. हात सटकला की हिरडीत जाते. ती ओढणीला लाव.

तुझ्या फटी मोठ्या आहेत म्हणून तुझं काम सोपं आहे खरं तर. जाड साइजचा इंटरडेंटल ब्रश घे आणि फटीच्या दोन्ही भिंती, पुढच्या दाताची आणि मागच्या दाताची, वेगवेगळ्या घास. लोक फट मोकळी दिसते म्हणून पाणी मारतात आणि सोडून देतात, आणि कीड नेमकी त्या भिंतींना लागते. एक लक्षात ठेव, ही फट दर महिन्याला बारीक होत जाणार, तारा त्यासाठीच आहेत, तेव्हा आज घेतलेला ब्रश तीन महिन्यांनी बसणार नाही. बसत नाही म्हणून सोडायचं नाही, एक साइज खाली यायचं.

संत्रा बंद करायची काही गरज नाही, काटोलात राहून संत्रा बंद म्हणजे शिक्षाच. फोडी सोलून खा, धागे अडकले तर चूळ भर. फक्त आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश घासू नको, अर्धा तास जाऊ दे, आम्लामुळे दाताचा वरचा थर तेवढा वेळ नरम असतो.

पट्ट्यांचं मात्र न पाहता सांगता येणार नाही, पण तू घरी एवढं बघ. तारा लावायच्या आधीचे फोटो शोधून काढ, त्यात आहेत का? लहानपणापासून असतील, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूच्या दातांवर सारखे असतील, आडव्या ढगांसारखे असतील तर ते पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे असू शकतात. आपल्या विदर्भात यवतमाळ, चंद्रपूरकडच्या बऱ्याच गावांत बोअरच्या पाण्यात 1.5 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर फ्लोराइड निघतं, आणि दात तयार होण्याच्या वयात तेच पाणी प्यायलं की असे दात येतात. ते पट्टे घासून जात नाहीत पण वाढतही नाहीत. आणि फोटोत नसतील, नंतर ब्रॅकेट आणि हिरडीच्या मधल्या पट्टीतच आले असतील, तर ते न साफ केल्याचे आहेत, आणि ते वाढतात. तसं असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता आधीच डॉक्टरांना दाखव.

मी माऊथवॉश करते, रोज दोनदा, तो कडक वाला. मग दातांच्या मध्ये घालायची काय गरज?
— सदर

त्या कडक वाल्यात बहुतेक क्लोरहेक्सिडिन आहे, बाटली बघा. तो थोड्या दिवसांसाठी असतो, साधारण दोन आठवडे, तेही डॉक्टरांनी सांगितलं तर. रोज महिनोन्महिने केला की दातांवर आणि त्या पांढऱ्या सिरॅमिक ब्रॅकेटच्या भोवती तपकिरी डाग बसतात, चवही जाते. आणि जमलेला थर त्यानं निघत नाही. तेलकट कढई नुसती विसळून ठेवता का?

दोन वर्षं झाली, पुढच्या महिन्यात तारा निघणार!! ते छोटे ब्रश आणि धागे सगळं फेकून देऊ ना आता?
— आनंदी, धरमपेठ

अभिनंदन! पण थांब. तारा काढल्यावर खालच्या समोरच्या दातांच्या मागे, जिभेकडून, एक बारीक तार चिकटवतात बऱ्याचदा, दात परत वाकडे होऊ नयेत म्हणून, आणि ती वर्षानुवर्षं राहते. तिच्या खाली साधा धागा वरून जात नाही, थ्रेडर लागतो, आणि किटण सगळ्यात जास्त नेमकं तिथंच जमतं कारण जिभेखालची लाळ तिथंच येते. तुझ्याही लावणार आहेत का ते डॉक्टरांना विचार. थ्रेडरचं पाकीट तोवर ठेव.